पडद्याबाहेरचा खर्ज

(ऑकलंडच्या एका इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात. रोवेना अशा बाळांना गाण्यानं शांत करते. मेलेनाइते बाळाची आत्या, कालच टोंगाहून आलेली. पडद्याबाहेर तिचा धाकटा भाऊ सिओसाया, बाळाचा बाप.)

रोवेना: हळू, मेलेनाइते, आणखी हळू! हे चर्च नाही.

मेलेनाइते: याहून हळू म्हणजे मुकीच झाले की! एवढ्या आवाजात आमच्याकडे कुणी चहाडीसुद्धा करत नाही.

रोवेना: त्याच्या श्वासाबरोबर गायचं.

मेलेनाइते: कुठाय त्याचा श्वास? ते यंत्र घेतंय. अगं बाई, बोटाएवढा पाय आणि केवढ्या त्या नळ्या!

रोवेना: डोक्यावर नुसता तळवा ठेवा. तुम्ही आत आलात आणि सिओसाया तडक बाहेर गेला. राग आहे का अजून?

मेलेनाइते: राग नाही गं, मान आहे. मोठी बहीण आत असली की भाऊ त्या खोलीत थांबत नाही. राग माझा होता. त्याच्या लग्नात माझी मानाची चटई मागच्या रांगेत घातली, म्हणून मी अबोला धरला. आता सगळं गाव म्हणतंय, आत्या रुसली म्हणून बाळंतपण बिघडलं.

रोवेना: असं नसतं हो.

मेलेनाइते: तुमच्यात नसेल. मी भावजयीच्या पोटावर हात ठेवून म्हटलं, गेला गं राग. पण पोट रिकामं झालं होतं. उशीर झाला मला, पोरी.

सिओसाया: ताई, नाव ठेव ना त्याचं. डॉक्टरांनी आशा सोडलीय.

मेलेनाइते: गप रे! नाव ठेवून पाठवणी करायला आले का मी? आत्यानं ठेवायचं असतं ना? मग नाही ठेवत, जा!

रोवेना: ऑक्सिजनचा आकडा उतरतोय. गा, मेलेनाइते.

मेलेनाइते: एकटीला नाही जमत. खाली खर्ज नसला की मी भरकटते. सिओसाया, लाव सूर.

सिओसाया: इथून?

मेलेनाइते: मग काय आत येतोस? तिथूनच. आणि हळू, बैलासारखा नको.

रोवेना: हां, असंच. गात राहा.

सिओसाया: वाढला का आकडा?

रोवेना: नाही. उतरायचा थांबलाय. पुढचं मला सांगता येत नाही.

सिओसाया: ताई, पाया पडतो. बिननावाचा जाऊ नये गं तो.

मेलेनाइते: ...ताताली. ऐकलंस ना, राजा? ताताली.

रोवेना: छान आहे. म्हणजे काय?

सिओसाया: आमच्या भाषेत, ‘थांब’.