धुतलेल्या हाताचा पाव

(शाळा सुटली आहे. प्रयोगशाळेत दोघंच : विज्ञानाचे सर आणि त्यांची बायको, त्याच शाळेतल्या भाषेच्या बाई. टेबलावर पावाच्या दोन पिशव्या.)

सर : हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं. आता बस वास घेत.

बाई : शी! केस उगवलेत याच्यावर. आणि खाली हे पिवळं काय, पू धरल्यासारखं?

सर : बुरशी आहे. दे इकडे, टाकून देतो.

बाई : थांबा. पिशवीवर 'न धुतलेला हात' असं लिहिलंय. पण त्या चिकटपट्टीखाली आणखी एक पट्टी आहे.

सर : असेल जुनी.

बाई : नखाने खरवडली मी. खाली 'धुतलेला हात' आहे. अक्षर तुमचंच.

सर : हळू बोल. शिपाई बाहेर झाडतोय.

बाई : म्हणजे खरं आहे.

सर : अगं, ऐकून तर घे. दरवर्षी करतो मी हा प्रयोग. एक पोरगं मळक्या हाताने पाव चोळतं, दुसरं साबणाने हात धुऊन. आठवड्याने मळक्या हाताचा पाव बुरसटतो, पोरं ओकारी आल्यासारखं करतात आणि नळाकडे पळतात. यंदा या दळभद्री पावाने उलटंच केलं. धुतलेल्या हाताचा सडला, दुसरा मात्र जसाच्या तसा!

बाई : म्हणून पट्ट्या बदलल्या.

सर : मग काय करू? अर्धी शाळा जुलाबाने आडवी झालीय. कार्टी संडासातून येतात ती थेट डबा उघडतात. मला बघवत नाही, किळस येते. त्यांना हा पाव दाखवला असता तर घरी जाऊन सांगितलं असतं, हात धुतले की पाव सडतो. हात धुतल्याने रोग टळतो, हे खरं की नाही?

बाई : खरं.

सर : मग मी खोटं काय सांगितलं? निष्कर्ष खराच होता. पाव खोटा निघाला.

बाई : तो बुवा असंच म्हणाला होता.

सर : कोण बुवा?

बाई : ज्याचा दिवा आपोआप पेटायचा. तुम्ही भर सभेत त्याच्या वातीतली पूड काढून दाखवलीत. तेव्हा काय म्हणाला तो? देव तर खराच आहे, लोकांची श्रद्धा टिकावी म्हणून चिमूटभर पूड घातली. घरी येऊन किती दिवस हसत होतात तुम्ही.

सर : त्याच्या पंगतीला बसवतेस मला? तो लोकांना लुबाडत होता.

बाई : तुम्ही फुकट केलंत, एवढंच.

सर : वा! म्हणजे विज्ञानही शेवटी श्रद्धाच, असं म्हणायचंय तुला. आयतंच सापडलं. रोज हात जोडणाऱ्यांना हेच तर ऐकायचं असतं.

बाई : उलट आहे. मी हात जोडते ते न बघता, आणि न बघता जोडतेय हे मला पक्कं ठाऊक असतं. जंतू मी जन्मात पाहिले नाहीत, तरी तुमचं मानलं. का मानलं? शंका आली तर टेबलापाशी जाऊन बघता येतं, हे तुम्हीच सांगायचात म्हणून. माझ्या देवाला असं कोणी तपासायला जात नाही. तुम्ही पावाचासुद्धा देव करून ठेवलात.

सर : एका पावाने असं काय आभाळ कोसळलं?

बाई : शिंप्याची मुलगी गेली होती टेबलापाशी बघायला.

सर : ती मागच्या बाकावरची?

बाई : शुक्रवारी मधल्या सुट्टीत, तुम्ही पट्ट्या बदलायच्या आधी. आणि सोमवारी वर्गात उभी राहून म्हणाली, सर, बुरशी तर धुतलेल्या हाताच्या पावावर होती. हात पुसले नव्हते, पाव ओला झाला, म्हणून असेल का?

सर : तुला कोणी सांगितलं हे?

बाई : बरोबर होतं का तिचं?

सर : ओल लागली की बुरशी लवकर धरते. हो. बरोबरच असणार.

बाई : मग तुम्ही काय म्हणालात तिला?

सर : आता शब्द न् शब्द कुठे लक्षात राहतो.

बाई : 'आधी डोळे तपासून घे' म्हणालात. सगळा वर्ग खिदळला. अख्ख्या वर्गात तिने एकटीने तुमचं विज्ञान केलं, आणि तुम्ही तिला आंधळी ठरवलंत. मघापासून किळस येतेय मला. वाटलं या पावामुळे असेल. पावामुळे नाहीये. तुमच्या शेजारी उभं राहवत नाहीये.

सर : असं बोलू नकोस.

बाई : मग कसं बोलू?

सर : उद्या तिला बाजूला घेऊन सांगतो. पट्ट्यांची अदलाबदल झाली होती म्हणून.

बाई : झाली होती? आपोआप?

सर : मी केली होती.

बाई : आणि बाजूला घेऊन नाही. हसला तो सगळा वर्ग.

सर : अगं, सगळ्यांसमोर सांगितलं तर माझी काय पत राहील? उद्यापासून माझ्या शब्दावर विश्वास कोण ठेवेल?

बाई : नका ठेवू म्हणावं. बघत जा म्हणावं.

सर : बरं. सांगतो सगळ्यांसमोर. मग तर झालं?

बाई : तिची आई आली होती दुपारी. हातातलं शिवण टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं बिचारीने.

सर : अरे देवा. काय म्हणाला डॉक्टर?

बाई : डोळे ठणठणीत आहेत. अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली पोरीने.

सर : सुटलो. म्हणजे तिला कळलं असेल, आपलं काही चुकलं नव्हतं ते.

बाई : ती चष्मा मागतेय. फळा अंधुक दिसतो म्हणते.

सर : पण डॉक्टरने तपासलंय ना?

बाई : आईनेही तेच समजावलं तिला. तर म्हणाली, सर उगाच कशाला म्हणतील?