घरचं गाठोडं

बलभीम : न्हाय, चिमणी गाडीत न्हाय. चिमणी घरच्या गाठोड्यात. कागदात तसंच लिवलंय.

चांगुणा : अन् घरच्या गाठोड्यात घालून करायचं काय? घराला कुलूप ठोकून आपुन सगळीच येडशीला खडी फोडाय निघालाव. मागं घर काय चिमणी लावून एकटंच बसणार हाय का?

बलभीम : तू मधी बोलू नगंस. सोसायटीच्या सेक्रेटरीनं सोताच्या हातानं दिलाय. छापील हाय. ऐक. 'संकटकाळासाठी तयारी. घर, वाहन व कुटुंब यांकरिता तीन स्वतंत्र पिशव्या सदैव भरून ठेवाव्यात.' तीन म्हंजी तीन.

चांगुणा : तुमी सेक्रेटरीकडं दुष्काळाची मिलो जवारी मागाया गेला होतात. त्यानं कागुद दिला, अन् तुमी त्यो घिऊन आलात.

बलभीम : मिलो संपली म्हणला.

चांगुणा : कागुद बरा संपंना.

सारजाबाई : वाच बाबा बलभीमा. पाण्याचं काय लिवलंय, ते वाच.

बलभीम : पाण्याचं... हां, हितं हाय. 'घरातील प्रत्येक माणसामागे तीन दिवस पुरेल इतके पिण्याचे पाणी साठवून ठेवावे.'

सारजाबाई : पुन्यांदा वाच.

बलभीम : माणसामागं तीन दिवसांचं पाणी, माय.

सारजाबाई : लिवणाऱ्याच्या घरात नळ असंल.

चांगुणा : हितं सकाळधरनं गावच्या हिरीखाली पदर पसरून बसावं, तवा कुठं अर्धी घागर पदरात पडती. ती बी वरून, दुरून वतत्यात. आपला पोहरा हिरीत गेला तर पाणी बाटंल त्यांचं! आधीच आटलंय, ते कुणाच्या पोहऱ्यानं?

बलभीम : पोहरा गाडीत घाल. अन् दोर बी. वाटंत कुणी त्यांचा दील ही आशा नगं. आपल्या पितळीतनंच प्यायचं. हाटिलात आपल्यासाठी कान तुटलेला कप आढ्याला टांगल्याला असतो, त्याला हात लावायचा न्हाय.

चांगुणा : हे कागदात हाय?

बलभीम : न्हाय. कागदात हाय, 'वाहनात जादा चाक, हवा भरण्याचा पंप व नकाशा असावा.'

चांगुणा : अगं बया! मंग भरा की हवा. त्या आपल्या बैलात भरा आधी. पार बसलाय त्यो.

बलभीम : म्हणून तर दुसरा मिळाला. सेक्रेटरीनं आठ दिसांसाठी सोताचा बैल दिलाय. म्या मागितला बी नव्हता. म्हणला, बलभीम, उगं हाल काढत बसू नगंस, बायकामाणसं घिऊन बिगीनं नीघ, येडशीला काम सुरू हाय. म्या तर येड्यावानी बघतच राह्यलो. बापजन्मात त्या माणसानं आपल्या दारात पाय ठिवला न्हाय, अन् बैल दावणीला बांधून गेला!

चांगुणा : मलाबी काय उमजंना. माणूस मरायला टेकला का काय?

बलभीम : खामखा वाईट बोलू नगंस. त्याच्या बैलावरच जायचंय. आता कुटुंबाची पिशवी. 'कापूस, पट्ट्या, टिंक्चर.'

चांगुणा : हळद अन् जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेतल्या. बोटावर हातोडा बसल्यावर लई लागत्यात. पोरीचं, कडीचं टोपरं घेतलं. तवा घेतला... तवा कुठं गेला? आताच हितं ठिवला होता.

सारजाबाई : त्यो घरच्या गाठोड्यात हाय.

चांगुणा : आत्याबाई, दोन तवे हायेत व्हय आपल्याला? अन् ही वाकळ? ही तुमची वाकळ म्या गाडीत आंथरली होती. ती बी तिकडंच. ही मिठाची पुडी! अवो, बगा तरी, म्या भरायलीय अन् ह्या काढायल्यात. उन्हानं डोस्कं फिरलंय का काय ह्यांचं?

बलभीम : माय, असं करू नगंस. एक तर ह्या कागदानं माझं डोस्कं गरगरायलंय. कुठलं कुठं घालायचं, मलाच घोळ झालाय. वाकळ गाडीत. तू वाकळंवर बसून यायचंस.

सारजाबाई : राहू दे तिथं.

बलभीम : अन् बाबासायबांचा फोटू? घर, वाहन, का कुटुंब? कागदात फोटूचं न्हाय. कुटुंबात घालताव. आपल्यासंगं.

सारजाबाई : त्यो खिळ्यावरच ऱ्हाईल.

बलभीम : रिकाम्या घरात? धूळ खात?

सारजाबाई : रिकाम्या कुठं? बलभीमा, बुद्धवाड्यात घरं किती?

बलभीम : अकरा. हे काय इचारणं हाय का?

सारजाबाई : कुलपं किती?

बलभीम : गुलाबचं बंद. व्यंकट गेला. आबाराव काल तामलवाडीकडं गेला मेव्हण्याकडं... दहा. आपलं घातलं की अकरा.

सारजाबाई : काल हिरीवर केशरबाई पाणी वतत होती. सोसायटीच्या चेअरमनची बायको. वरच्या वरच बोलत होती दुसरीसंगं. खाली आपुन बसलेलो असताव, आपल्याला कान हायेत, हे त्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. म्हणली, बुधवारी तालुक्याचा सायब यायचाय, बुद्धवाड्याला मंजूर झालेल्या हिरीची जागा बघाया. वस्ती तर उठल्याली. उठल्याल्या वस्तीला हीर कशाला, ती आमच्या मळ्याच्या बांधाला पडंल.

चांगुणा : म्हणून बैल!

बलभीम : थांब. थांब जरा. म्हंजी त्यानं... दहा घरांना?

चांगुणा : दहा घरांना कागुद दिला, अन् अकराव्याला बैल दिला. तुमी लिवता-वाचता म्हणून तुमचा मान मोठा.

(बलभीम कागद उलटा करून पाहतो. मागची बाजू कोरी आहे.)

बलभीम : मंग कुणीच जायचं न्हाय. सोडा गाठोडी. बैल नेऊन त्याच्या दारात बांधताव, अन् चार माणसांत इचारतो त्याला.

सारजाबाई : इचार. अन् राच्च्याला कडीच्या पुढं काय ठिवशील? चार माणसं?

बलभीम : माय...

सारजाबाई : दाणं दोन दिसांचं हायेत. खडी फोडली तर पोरगी जगंल. तुमी जायचं. सायबानं बुधवारी बघितलं पायजे की बुद्धवाड्यात चूल पेटती. एक पेटली तरी वस्ती हाय.

चांगुणा : अवो आत्याबाई, पेटवून शिजवाल काय?

सारजाबाई : धुराला दाणं लागत न्हाईत.

बलभीम : अन् पाणी? एकटीला कोण देणार?

सारजाबाई : रोजची अर्धी घागर चौघांत व्हायची. आता एकटीला तीन दिस पुरंल. तुझ्या कागदात लिवलंय तसं.

बलभीम : न्हाय. तुला टाकून म्या जाणार न्हाय. न्हायतर चांगुणा ऱ्हाईल. न्हायतर म्या ऱ्हातो, तुमी... न्हाय, गाडी कोण हाकणार? काय करावं, मला काय समजंनाच झालंय.

सारजाबाई : त्यात न समजण्यासारखं काय हाय? माझ्या हातानं खडी किती फुटंल? मुकादम हजेरीला उभं बी करायचा न्हाय. हितं माझं नुसतं बसणं कामाचं हाय. उलीसं तरी कामाला येऊ दे.

चांगुणा : सायब आला अन् चेअरमनच्याच वाड्यावर जेवून माघारी गेला तर?

सारजाबाई : गाडीवाट आपल्या दारावरूनच हाय. आडवी बसंन.

बलभीम : बसशील. तू बसशीलच. आगं पर जीप...

सारजाबाई : शेवटी काय लिवलंय? खालच्या वळीत बारीक अक्षरं हायेत, तेवढं तू वाचलं न्हाईस.

बलभीम : 'कुटुंबाची... ताटातूट झाल्यास पुन्हा एकत्र भेटण्याचे ठिकाण आधीच ठरवून ठेवावे.'

सारजाबाई : ठरलं. हितंच. पुढच्या रविवारी खाडा कर अन् ये. बैल माघारी द्यायचाच हाय तुला.

बलभीम : चांगुणे, तू तरी बोल काय तरी.

चांगुणा : काय बोलू? गाडीतली घासलेटची बाटली इकडं द्या. ती घरच्या गाठोड्यात जाती.