कोटमार

नाई, तुम्हीच सांगा ना, पाहुणे माह्या घरी येऊन राह्यले, पोरीले पाहाले, आर्वीहून, अन् आमच्या आंजीच्या स्टँडवरूनच वापस यष्टीत बसून चालले गेले! काऊन? तं म्हणे, ‘बापूराव नावाचा माणूस या गावातच नाई!’ अरे, जन्मापासून राहून राह्यलो ना मी इथं!

तुम्हाले सांगतो, नाव पडलं ते पडलंच.

आता आमच्या गावात बंदुकीचं लायसन असलेले आम्ही तिघं. डुकरं शेतात घुसले का वनखात्याची परवानगी काढाची अन् आम्हाले बोलवाचं. अन् रीत अशी, का पहिला बार कसा झाला त्यावर पानठेल्यावर त्याच दिवशी नाव पडते, वनखात्याचे गार्डसाहेब पंचनाम्याले पोहोचाच्या आधी! महादेवरावाले ऐन वेळी खोकला आला, डुक्कर पळालं, झाले ‘खोकला’. वीस साल झाले, आता खोकलत बी नाई बिचारे! निकेशनं नेम धरला, पण गोळी भराचीच राह्यली, तो ‘रिकामा’. त्याची बायको बी विचारते, ‘आमचे रिकामे कुठी गेले जी?’

अन् मी? बंडूजीची तूर. सकाळचे सहा, अर्धवट उजेड. तुरीत काळं, आडवं, हलून राह्यलं. आता तुरीत काळं, आडवं, हलणारं काय राह्यते? सांगा ना! श्वास धरला... ठो! धावत गेलो तं बुजगावणं! वाऱ्यानं पालथं पडलेलं, अन् अंगात काळा कोट. आमचे प्रभाकरराव वकील, त्यांनीच रिटायर झाल्यावर बंडूजीले देलता. ते आले, चष्मा वर केला, भोकात बोट घातलं अन् शांतपणे म्हणते, ‘बापूराव, भर कोर्टात पस्तीस वर्षं माझं कोणी एवढं वाकडं केलं नव्हतं.’

दुपारच्या आत गावभर... कोटमार!

नाव पडलं ते पडलंच! पण म्हटलं, एक डुक्कर पाडतो, नाव धुऊन निघन. तीन साल वाट पाहिली अन् पाडलं! क्विंटलभराचं, एका बारात, खुद्द गार्डसाहेबासमोर! मान ताठ करून ठेल्यावर गेलो, तं बंडूजी ओरडून राह्यला, ‘ऐकलं का बे, कोटमारनं डुक्कर मारलं!’

म्हणून पाहुण्यांले पत्ता सांगतानी मी ते नाव गाळलं. म्हटलं, सोयऱ्यांसमोर तरी बापूराव राहू! अन् मेघा इकडे नवी साडी नेसून बसलेली, पोहे थंडे, पाहुणे यष्टीत. पोरीचं तोंड पाहावत नव्हतं जी. लाज वाटली मले, खरं सांगतो. बायको, सुमित्रा, म्हणते, ‘तुमची अकड मोठी का पोरगी?’

लावला फोन. ‘पाहुणे, चुकलं माह्यं. उद्या या. स्टँडवर कोणालेबी म्हणा, कोटमारकडे जाचं हाय.’

आले ना बाप्पा! पाच मिनिटांत! चौघं जण दारापर्यंत सोडाले आले. पोरगी पसंत, लगन जुळलं, पत्रिका छापल्या, वाटल्या. मी हौसेनं फक्त एवढंच केलं, का मुलीच्या बापाच्या जागी ठळक अक्षरात ‘बापूराव’ टाकलं... तं आता अख्खं गाव पत्रिका हातात घेऊन मलेच विचारून राह्यलं, ‘कोटमार, तुह्या पोरीच्या लग्नात हा बापूराव कोण बे?’