निवडुंगाची लाल टोपी

सोराइदा : आणि शर्टाला इस्त्रीसुद्धा केलीय. ओंदिना, बघ तरी. शेजारचा लिसांद्रो निवडुंगाचा डबा छातीशी धरून आपल्याच दाराकडे येतोय.

ओंदिना : हळू बोल, ताई. आणि खिडकीतून मागे हो.

सोराइदा : का म्हणून? आठ वर्षं सगळी गल्ली वाट बघतेय. ‘याच्या डोक्यावर लाल टोपी उगवली की तुम्हाला एक गोष्ट विचारीन,’ असं तोच तुला म्हणाला होता ना? उगवली की. मधल्या भिंतीवर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

ओंदिना : ती तुझ्या मोज्याची आहे.

सोराइदा : काय?

ओंदिना : सोमवारी टोक कापून घातलं. वाटलं, बघतील, हसतील. किती वर्षं तो हिरवा गोळा बघत बसायचं?

सोराइदा : आणि मी चार दिवस पलंगाखाली शोधतेय. अगं, वाचनालयात चाळीस वर्षं काढलेला माणूस, त्याला पुस्तकापलीकडचं दिसतं कुठे? हसू नकोस, मलाही आवरत नाहीये.

ओंदिना : हसत नाहीये मी. त्यांना सांगायला हवं.

सोराइदा : आधी विचारू दे. मग सांग.

(दारावर टकटक.)

लिसांद्रो : येऊ का? चुकीची वेळ असेल तर सोमवारी येतो.

सोराइदा : तुमचे सोमवार संपले. बसा. कॉफी घ्या.

लिसांद्रो : मी लिहून आणलंय. पहिलं वाक्य जरा लांबलंय. दुसऱ्याबद्दलही शंका आहे.

ओंदिना : थांबा, लिसांद्रो. ही टोपी खरी नाही.

लिसांद्रो : माहीत आहे. सोराइदाबाईंचा मोजा आहे. दोरीवर वाळताना बघतो ना. मंगळवारीच ओळखला.

ओंदिना : मग आज शुक्रवारी कसे आलात?

लिसांद्रो : मंगळवारी वीज नव्हती. बुधवारीही नव्हती. काल आली, ती इस्त्री तापायच्या आत गेली.

ओंदिना : ते नव्हे हो. टोपी खोटी आहे हे कळूनही का आलात?

लिसांद्रो : वाटलं, तुम्हालाही घाई झालीय. चुकीचं वाटलं असेल तर...

सोराइदा : बरोबर वाटलं. पुढे.

लिसांद्रो : या निवडुंगाचं असं असतं, टोपी आली की अंगानं वाढणं बंद. मग नुसती फुलं. माझं वाढणं तर कधीच थांबलंय. तेव्हा म्हटलं... कागद कुठे गेला?

सोराइदा : तुमच्या कपाखाली. भिजला वाटतं.

लिसांद्रो : पहिलं वाक्य गेलं.

ओंदिना : जाऊ द्या, लांबच होतं. दुसरं सांगा.

लिसांद्रो : ‘माझ्याशी लग्न कराल का?’ पण ते जरा तुटक...

ओंदिना : चांगलं आहे. करीन.

सोराइदा : दुसरा मोजाही घेऊन जा. एकाचं मी काय करू?

लिसांद्रो : मग... याची टोपी काढू आता?

ओंदिना : असू द्या. खरी आली की तीच ढकलून देईल.