हौद्यातलं तेल

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बारके, तू! हा कुणाचा नंबर?… कुठल्या दुकानातून? आणि तुझ्या फोनला काय झालं?… चार्जिंग संपलं. तुझं नेहमीचंच. बरं, बोल… नाही, झोपले नव्हते. सुट्टी आहे म्हणून मी लोळत पडेन असं वाटलं का तुला? वाटाणे सोलतेय. बोल.

…कसला लायनर?

…हौद्याला? आपल्या… म्हणजे तुझ्या गाडीच्या मागच्या हौद्याला?

…अच्छा.

…नाही गं, काही नाही. ऐकतेय ना. वाटाणा पडला एक. बोल.

…हो… हो… अगं माहितीय मला! पत्र्याला आतून अस्तर. प्लॅस्टिकचा तयार ट्रे मिळतो, तो स्क्रूनं बसवतात. रबरी मॅट असते, ती नुसती अंथरायची. आणि तो बंदुकीनं फवारतात तो, पत्र्यालाच चिकटून बसतो. लायनर म्हणजे काय ते तू मला सांगणार? पाच वर्षांपूर्वी मीच त्याची माहितीपत्रकं आणून बाबांच्या पुढ्यात ठेवली होती. काय म्हणाले होते, आठवतंय? "फरशीला गादी लागत नाही." झालं, विषय संपला. एकोणीस वर्षं मी त्या उघड्या पत्र्यावर फरश्या चढवल्या, उतरवल्या, माझ्यासाठी रबराचा एक तुकडा नाही आला कधी. आणि तुझ्या हातात किल्ली येऊन महिना नाही झाला तर…

…नाही, रागावले नाही. मी कशाला रागावू? गाडी तुझी, हौदा तुझा. चांदी लाव त्याला आतून.

…काय? बाबांनीच सुचवलं?

…स्वतःहून?

…बरं. बरं, बरं… ऐकलं गं, पुन्हा नको सांगूस. "कुंड्यांना ओरखडे यायला नकोत" म्हणाले. नर्सरीतल्या कुंड्यांना! माझ्या बोटांना यायचे तेव्हा म्हणायचे, फडकं गुंडाळ आणि चल, गिऱ्हाईक खोळंबलंय.

…आता कुठेत ते? …तिथेच? तुझ्याबरोबर आलेत? कमाल आहे. माझ्या घरचे दोन जिने त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत… खुर्ची टाकून बसलेत दुकानाच्या दारात. छान. आणि येताना पुढे बसले असतील, तुझ्या शेजारी, खिडकीतून कोपर बाहेर काढून… हो ना? मला दिसतंय इथून.

…"बारकी गाडी छान चालवते"? असं म्हणाले?

…नाही, मला कसं म्हणतील? माझ्या हातात स्टिअरिंग दिलंच कधी? माल भरला की ते पुढे आणि मी मागे हौद्यात, फरश्यांना धरून. ऊन असो, वारा असो. पुढची सीट कशी असते ते मला अजून माहीत नाही, बारके. मऊ आहे का गं?

…मी टोमणे मारत नाहीये. विचारलं आपलं.

…मग मला कशाला विचारतेस? तो लायनरवाला समोर उभा आहे ना, त्याला विचार… बाबा म्हणाले ताईला विचार? …का? …"हौदा तिला माहीत आहे." हं. हौदा मला माहीत आणि गाडी तुला. आणि बाबांनी धंदा मिटवला तेव्हा माझ्या वाट्याला काय, तर फरशी कापायचं मशीन. शोरूमच्या काउंटरवर बसून मी त्यानं काय कापू, रिबिनी?

…अगं ऐक ना, रडू नकोस. रडू नकोस म्हटलं ना. लोकांच्या दुकानात उभी आहेस… सर्दी आहे? मग सर्दी म्हण.

बरं, विचार काय विचारायचंय ते. पटकन.

…ट्रे? ट्रे अजिबात घेऊ नकोस. ट्रेच्या खाली पाणी शिरतं आणि तिथेच बसतं. तुझ्या कुंड्या सदा ओल्या, खत, माती… वरून सगळं छान दिसेल आणि खाली पत्रा सडत जाईल. कळेल तेव्हा हात घातला तर बोट आरपार जाईल… मॅटचंही तेच. आणि मॅट सरकते… हो, स्प्रेच. पण त्याला विचार, किती जाड मारणार? …नाही, एवढ्यानं काय होतंय. दुप्पट म्हणावं. आणि खरखरीत ठेव, गुळगुळीत केलास तर पहिल्याच चढाला सगळ्या कुंड्या मागच्या फाळक्याशी येऊन बसतील… पाणी जायची भोकं बुजवू देऊ नकोस. दोरी बांधायचे हूक आहेत ना, सहा, त्यांना आधी कागद चिकटवायला सांग, नाहीतर त्याच्याखाली गाडले जातील…

मी तरी कशाला सांगतेय एवढं!

…रंग? …हिरवा?! पानासारखा हिरवा? कुणाची ही कल्पना? …बाबांची. बाबांना रंग कळायला लागले! अगं, त्या माणसानं आयुष्यात राखाडी फरशीशिवाय काही बघितलं नाही… उन्हात उडेल तो हिरवा. काळा घे… मी कुठे हट्ट करतेय? घे हिरवा. पोपटी घे.

…काय विचारतोय तो? …कुठले पोचे?

…हां. पुढच्या भिंतीवर, केबिनच्या मागे. डाव्या बाजूला. बारीक बारीक, एकाच जागी… नाही, अपघात नाही. पाईपच्या तुकड्यानं ठोकून ठोकून पडलेत… मीच ठोकायचे… असंच. ते आमचं कामातलं होतं, तुला नाही कळायचं… भरून सपाट करू का विचारतोय? …मला काय विचारतेस, भर म्हणावं. भरून टाक सगळं. राहिलंय काय तसंही.



बरं, पत्रा साफ केलाय का त्यानं? …कशानं? …कोरड्या फडक्यानं पुसला आणि घासकागद मारला. बस? एवढंच?

…

…एक मिनिट थांब हं, हे काहीतरी म्हणताहेत… काय हो? मघापासून काय खुणा करताय?… हात ठेवलाय मी फोनवर, नाही जात ऐकू… हो, तेल. कळलं मला, तुम्ही कशाला आठवण करून देताय? मीच लावलंय ना ते! किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी, इंजिनातलं जुनं तेल, कोपऱ्याकोपऱ्यात, सांध्यासांध्यात चोळून चोळून… दर दोन महिन्यांनी लावतेच, म्हणून तर एकोणीस वर्षांत गंज नाही धरला. माझ्या हातचं शेवटचं म्हणून जरा जास्तच लावलं… मला काय स्वप्न पडलं होतं, महाराणी लायनर मारणार आहेत म्हणून? …हो, माहितीय. तेलावर लायनर धरत नाही. सुटतो. माहितीय हो मला… नाही सांगणार. का सांगू? तिला सगळं आयतं हवंय, गाडी आयती, बाबा आयते. एक गोष्ट तरी चुकू दे की तिची! …बघू नका माझ्याकडे असं. वाटाणे सोला.

…हां, बोल बारके. काही नाही, हे विचारत होते वाटाणे किती.

…हो. हो, झालं सगळं. मारू दे त्याला.

…मारू दे म्हणाले ना! दहा वेळा काय विचारतेस?

…काय म्हणतो? एकदा बसला की आयुष्यभर निघत नाही? …हो का. चांगलंय.

…आणि काय? …बाबांना कुंड्या मोजायला बसवतेस? चुकतात? …माझं नाव घेतात? कशाला? …प्रत्येक वेळी? "थोरली असती तर एका नजरेत सांगितलं असतं." …हे तू मनानं सांगतेयस. मला बरं वाटावं म्हणून.

…हा आवाज कसला?

…बारके, तो धडधड आवाज कसला येतोय मागे? …कंप्रेसर? सुरू केला? इतक्यात?

…

थांब! बारके, थांबव त्याला! …अगं थांबव म्हणते ना! बंदूक खाली ठेव म्हणावं! ओरड! …ठेवली? …नक्की? एक थेंब नाही ना उडाला? …बरं.

…सांगते. श्वास तर घेऊ दे.

ऐक. एका मगात पाणी घे… विचारू नकोस, घे. आणि हौद्यात ओत. मागे, फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी… ओतलंस? काय होतंय? …पसरतंय की थेंब थेंब गोळा होऊन पळतंय? …गोळे? …आता चाकांवर जे उंचवटे आहेत, त्यांच्या मागच्या बाजूला ओत… तिथेही गोळेच. आणि पुढच्या भिंतीच्या सांध्यात… कळलं. तेल आहे तिथे. पत्र्यावर तेल आहे, बारके. मी लावलंय… नाही, तेव्हा मुद्दाम नाही. तेव्हा मायेनं लावलं होतं. पत्रा कोरडा सोडून यायला जीव होत नव्हता.

पण आत्ता मुद्दाम गप्प बसले.

…हो. मुद्दाम. मला माहीत होतं आणि मी "मारू दे" म्हणाले. सहा महिन्यांत पापुद्रे सुटले असते, खाली पाणी गेलं असतं आणि सगळा हौदा सडला असता… का म्हणजे? पोटात दुखत होतं म्हणून! जळतेय मी तुझ्यावर, महिनाभर जळतेय, आता ऐकायचंय तुला? तू शिकायला गेलीस, मी फरश्या उचलल्या. तू परत आलीस, तुला गाडी. तुझ्या शेजारी बाबा. तुझ्या कुंड्यांना गादी. रोज संध्याकाळी शोरूमसमोरून जातेस ना, मी काउंटरखाली काहीतरी शोधायचं नाटक करते, ती गाडी दिसू नये म्हणून… झालं? समाधान?

…हसतेस काय?

…हसतेस की रडतेस? …सर्दी. बरं.

…नको, माफी बिफी तू कशाला मागतेस. त्याला सांग, गरम पाणी आणि तेल काढायचा साबण. तारेच्या ब्रशनं सांधे घासायचे. दोनदा. मग पुन्हा पाणी ओतायचं. पाणी सपाट पसरलं पाहिजे, चादर अंथरल्यासारखं. तोवर बंदुकीला हात लावायचा नाही.

…काय? …कुणाला देतेस? नको, बाबांना नको देऊस, बारके, मला आत्ता…

…हॅलो. हां, बाबा.

…बरी आहे… हो… ऐकलंत तुम्ही सगळं? …

…तुम्हाला माहीत होतं?

…वास आला होता. मग त्याला सांगायचं ना! …मला फोन लावेपर्यंत का थांबलात? …हो, कुठे कुठे मुरलंय ते मलाच माहीत, खरंय, पण मी नसतं सांगितलं तर? कंप्रेसर सुरू झाला होता, बाबा!

…काय?

…त्याच्या हवेच्या पाईपवर पाय देऊन उभे होतात? एवढा वेळ? गुडघे दुखत असताना?! …"थोरली बोलेपर्यंत काढणार नव्हतो." …बसा आधी. खुर्चीत बसा. बारकीला सांगा धरायला.

…बसलात?

बाबा, एक विचारू? …मी मागितला तेव्हा लायनर का नाही म्हणालात? पाच वर्षांपूर्वी. आणि आता तिला…

…हो, मी मागे बसायचे… हो, ठोकायचे पाईपनं… एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. विसरेन कशी?

…काय म्हणालात? पुन्हा सांगा. तो कंप्रेसर बंद करायला सांगा जरा…

…लायनरनं आवाज दबतो.

…मी ठोकलेलं पुढे ऐकू आलं नसतं.

…

…तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? "फरशीला गादी लागत नाही" काय! …हो, तुम्हाला कुठे बोलता येतं नीट. ते मला ठाऊक आहे.

…आता मागे कुणी बसत नाही. हो. कुंड्या कुठे ठोकतात.

…बाबा? …कुठे निघालात? उठू नका! …हॅलो? …बाबा, हा आवाज…

…

…ऐकलं. दोन.

…हो, नीट आलं ऐकू. दोनच. पुन्हा नका ठोकू, गुडघे सांभाळा… अहो, ऐकलंत का तुम्ही? नाही, तुम्हाला नाही कळायचं, सोला वाटाणे.

…हां बाबा. दोन म्हणजे चला. सांगा त्याला, धू म्हणावं आधी आणि मग मारू दे. जाड मारू दे. त्या पोच्यांवरनंही जाऊ दे, भरू नका म्हणावं, नुसतं वरून मारा… हिरवा? बरं, हिरवा. तुमच्या आवडीचा.

…मी? आत्ता? …कुठे बसू येऊन? पुढे? …आणि बारकी? …तिला मागे बसवता?

…नाही, नाही, हसत नाहीये. येते. अर्ध्या तासात पोचते. साबण मी बघते, त्या माणसाचा भरवसा नाही.

…काय विचारतेय ती? दोनदा का ठोकलंत?

…तिला सांगू नका हं, बाबा. विचारू दे कितीही. गाडी घेतली ना तिनं? ते आपलं आहे.

…ठेवते.