सत्तरच्या खाली

मले नोको विचारू बेटा, हे मोटिवेशन-बिटिवेशन मले कळत नाही — बस, बस इथं, दम लागला तुले, तिसराच दिवस हाये ना आज? — हौ, पाहतो ना मी, लाल बुटवाली. मले पाहून तुले हुरूप येते म्हन्तेस? अवं माय, मले पाहून! पाच महिने झाले, रोज सकाळी सहाले येतो, तलावाले चार चकरा. हे खरं हाये. पन आज लवकर बसली मी. माहा भाऊ येऊन राह्यला किरनापूरच्या बसनं — टिकाराम, माह्याहून आठ वर्सानं लहान, शाळेत मास्तर हाये. फोनवर म्हन्लं त्याले, हॉस्पिटलात जायच्या आधी बगीच्यापाशी ऑटो थांबव, काम हाये. हॉस्पिटल काहून? दोन्ही किडन्या गेल्या बेटा त्याच्या. हफ्त्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करते. त्याच्याच पायी हे चालनं. म्हंजे पहिले त्याच्या पायी होतं, मग नव्हतं, अन् आता पुन्हा — थांब, सुदं, पहिल्यापासून सांगतो.

मागच्या साली नागपूरच्या डॉक्टरनं तपासलं सगळ्याइले. माही जुळली. बहिनीची किडनी चालते म्हने, पन वजन चौऱ्याऐंशी, शुगर काठावर. सत्तरच्या खाली आना, मग बोलू, उशीर करू नोका. झालं! घरदार माह्या वजनाच्या मागं लागलं. भावजय संध्या किरनापूरवरून मुगाचा डबा पाठवे, आमच्या ह्यांनी चहातली साखर स्वतःचीही बंद केली. रविवारी व्हिडिओ कॉल — मी काट्यावर उभी, फोन काट्याकडे, अन् तिकून टिकारामची पोरगी ओवी, तिकडं हिंदी शाळा, तिले मराठी धड येत नाही, ते वरडे, "बुआ, दो किलो कम हो गया!" अन् सारे टाळ्या वाजवत. तीन महिन्यात शहात्तरवर आली मी. मग अडकलं. मग सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. सारे म्हनत, थायरॉईड असंल. तपासलं, नव्हतं थायरॉईड. — काय होतं? — आलूबोंडे होते बेटा. हासतेस? हास. इथूनच घाम पुसत निघे मी, अन् रेल्वे फाटकाजवळच्या टपरीवर दोन आलूबोंडे खाये. भूक लागली म्हनून नाही. पोट भरलेलं असे. सत्तरच्या खाली जाऊ नये म्हनून खाये. जानूनबुजून.

अशी पाहू नोको माह्याकडे. मधात एकदा नागपूरले गेलतो ना तपासनीले, तिथं एक बाई पाहिली, पोराले किडनी देल्लेली. दुसराच दिवस होता तिचा, कुशीवर वळता येत नव्हतं, मले म्हने, "बाई, पानी द्या वं जरासं." पानी पाजलं मी. भेव वाटलं — पन नुसतं भेव नाही. मी दहावीत होती तवा बाबा म्हने, एकालेच शिकवनं होते, टिकारामले शिकवू. माही शाळा सुटली, मी धानाच्या रोवन्याले गेली. तो सात वर्साचा होता, त्याले काय समजे, त्याचा काय गुन्हा? पन त्या बाईच्या पलंगापाशी उभी असताना मनात आलं, शाळा माही गेली, अन् आता हेही माह्याच आंगातून काढतेत? हे मी कोनाले बोलली नाही आजवर. ह्यांलेही नाही. तुले काहून सांगून राह्यली कोन जाने.

मग एक दिवस फाटक बंद होतं, अन् फाटकावर थांबलेल्या ऑटोत टिकाराम. हॉस्पिटलात मशीनवर चालला होता. मी टपरीपुढं, हातात बोंडा. पाहिलं त्यानं. उतरला, हळूहळू आला, माह्याजवळ बसला. मले वाटलं, आता वरडते. तं म्हने, "ताई, तुले भेव वाटते ना?" मी म्हन्लं, नाही — तोंडात घास, अन् नाही म्हन्तो मी! — तं म्हने, "मलेही वाटलं असतं. तू नोको देऊ. घरी काय सांगाचं ते मी पाहतो." अन् पाहिलं त्यानं. एकटाच नागपूरले जाऊन आला, अन् साऱ्याइले सांगितलं, ताईच्या तपासनीत दुसरंच काही निघालं, तिची नाही चालत. खोटं बोलला. आपल्या बायकोपुढं, पोरीपुढं, माह्यासाठी. संध्या माह्या गळ्यात पडून रडली — "ताई, तुम्ही तं आपल्याकडून सारं केलं." अन् मी पदरानं तिचे डोळे पुसले.

मग काय, सुटली ना मी? काटा पाहनारं कोनी नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेली, बोंडा मांगितला, हातात घेतला. तसाच ठेवून देल्ला. अन् इथं आली, चालाले लागली. हुरूप नव्हता बेटा. कितीक दिवस तं पाय ओढत आनले. आमचे हे समजतेत, गुडघ्यापायी चालते. कोनाले पत्ता नाही. परवा टिकाराम घरी आला तं तीन पायऱ्यात दोनदा थांबला. मी खिडकीतून पाहून राह्यली होती — हात द्याले उठली नाही. लाज वाटली मले, त्याच्यापुढं जायची.

आज सकाळी एकोनसत्तर भरलं. उतरून पुन्हा चढली, तं तेच. भेव गेलं का म्हन्तेस? नाही ना! त्या बाईचं ते "पानी द्या" अजून कानात हाये. पन किडनी देतो म्हननं एक वेळ सोपं. संध्याले काय सांगू? का तुहा नवरा हे पाच महिने माह्या खोट्यापायी मशीनवर चढला? तेही सांगा लागन. त्याच्यानं सांगून नाही होनार, मलेच सांगा लागन. अन् नागपूरवाले आता घेतेत का, पुन्हा तपासल्यावर काय निघते, अन् त्याचं आंग तरी आता — नोको, नोको, तू काही बोलू नोको.

तो ऑटो पाहा. हा नाही — मागचा. हौ, तोच. किती वाळला हो. तू जा बेटा, दोन चकरा राह्यल्या तुह्या. नाही, थांबू नोको माह्यासंगं. जा म्हन्लं ना.

टिकाराम! ए टिकाराम — उतरू नोको, बस तिथंच. मी येतो.