लई झ्याक झालंय

न्हाई ओ ताई, खोकला न्हाई त्यो — आत गळ्यातली नळी साफ करत्यात, त्येचा आवाज; तवर मला भाईर बसवत्यात. आमचं मालक हायत, अर्जुनराव. जिभेचा कॅन्सर. गेल्या सोमवारी निम्मी जीभ काढली. आता तोंडानं काय बी न्हाई, नाकातनं नळी. परत कधी जेवतील इचारलं, तर डॉक्टर म्हनत्यात, बघू. बघू म्हंजी काय, कळतंय की मला.

आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या शेखरनं — ल्योक माझा — हाटेलात न्हेलं व्हतं. आमी पुनावळ्याचं, आन हाटेल पार चाकणच्या रस्त्याला. ऑपरेशन मंगळवारी ठरल्यालं. म्हनला, बाबांना त्याआधी गावरान खाऊ घालू, मनासारखं. दारात बैलगाडी, फेटं बांधल्यालं वेटर. दीड तास नंबर लावून बसलो. ह्यांना बसवत नव्हतं, तरी सून इचारायची तवा म्हनायचे — बरं हाय, बरं हाय. मग आत रांग. झाकनं उघडून आपल्या हातानं वाढून घ्यायचं. काय व्हतं सांगू? पिठल्यावर साय धरल्याली. ठेच्यात साखर — व्हय, साखर! भाकरी तर नुसती ताणायची, तुटंना. ह्यांनी ती आमटीत कुस्करली, जिभंला झोंबत व्हती तरी गिळली. शेखर उठला मॅनेजरशी भांडायला, म्हातारा मानूस काय खाईल म्हनून. तर ह्यांनी त्याचा हात धरला — “बस रं. लई झ्याक झालंय.” दोनदा म्हनले. पोराचं त्वांड असं उजळलं!

आन मला राग आला. हसू नका — न्हाई, तुमी कुठं हसताय. अवो, चाळीस वर्सं भाकरी थापल्या मी. कधी मीठ कमी, कधी चीर पडली, कधी करपली. झ्याक म्हनून एकदा न्हाई. आन त्या रबराला झ्याक? कळत व्हतं मला, पोरासाठी म्हनले. कळत व्हतं. तरी बी.

घरी आलो तवा चार वाजलं आसतील. मी पाय पसरून बसल्याली. ह्ये सैपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन टेकलं. हळूच म्हनले, “मंजुळा, जरासं पिठलं टाकतीस? तुज्या हातचं.” असं नाव घेऊन कधी मागितलं नव्हतं बघा. आन मी काय म्हनावं? — “झ्याक जेवलाय की तिथं. आता कशाला?” हसले. म्हनले, “बरं, उद्या कर.” मी बी म्हनलं, उद्या करते. करनारच व्हते ओ! पीठ काढून ठिवलं व्हतं. सकाळी सातला दवाखान्यातनं फोन — आजच नंबर लागलाय, लगेच या, पोटात पान्याचा थेंब बी नको.

गाडीत बसताना माझ्याकडं बघितलं त्यांनी. रागानं न्हाई. रागानं बघितलं आसतं तर बरं झालं आसतं.

शेखर भेटायला येनाऱ्या हरेकाला सांगतोय, बाबा पोटभर जेवले, मनासारखं जेवले, तेवढं समाधान हाय. सांगू दे. मी मान हलवते. त्याला कशाला —

गप, गप ऱ्हावा ताई. आला त्यो जिन्यानं.